माजी सैनिकाने लिहिलेली युद्धकादंबरी : इटली १९४५, सेनिओ नदी. संपादन करताना काय तपासावं?

खर्डेघाशी

एका कादंबरीचा खर्डा संपादनासाठी आला आहे. लेखक पायदळातून निवृत्त झालेले, नोकरी १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पुढची. कादंबरी मात्र दुसऱ्या महायुद्धातली. इटलीची मोहीम, मराठा लाइट इन्फंट्रीची एक कंपनी, आणि शेवटचा मोठा भाग एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदी ओलांडण्याचा. पात्रं काल्पनिक, बटालियनचा क्रमांक मुद्दाम दिलेला नाही.

लिखाण सकस आहे. थंडी, चिखल, अपुरी झोप, वाट बघण्याचा कंटाळा हे सगळं वाचताना अंगाला लागतं. लढाईच्या प्रकरणांत मात्र खडे लागतात. लेखकाला विचारलं की उत्तर एकच, "असंच असतं." काही नमुने :

१. "नायब सुभेदार शेलारांनी हात वर करून सेक्शन थांबवलं. कानातल्या सेटवर ब्राव्हो कंपनीचा निरोप आला."
२. एक जवान रायफलमधून "सलग तीस गोळ्या" झाडतो.
३. एकाचा पाय सुरुंगावर पडतो, खट् आवाज येतो, तो तसाच उभा राहतो आणि सोबती अर्धं पान सुरुंग निकामी करत बसतो.
४. मांडीची रक्तवाहिनी तुटलेला शिपाई दोन पानं बोलतो, मग मरतो.
५. हल्ल्याच्या चौदा पानांत कोणाच्याही गोळ्या संपत नाहीत.

यातलं काय चुकलंय ते सांगाच, पण अशा खर्ड्यात आणखी काय काय बघायचं तेही हवं आहे. आणि लष्करी शब्द किती ठेवायचे?

---

तीनशेतीन

लेखक सैनिक होता म्हणून तपशील बरोबर असणार, हे गृहीत धरू नका. त्याच्या शरीराला जे माहीत आहे ते १९४५ लाही तसंच होतं : ओझं, भीती, भूक, ओल्या मोज्यांत गेलेली रात्र. हाताला जे माहीत आहे ते मात्र त्याच्या नोकरीच्या काळातलं आहे. त्याचा हात आपोआप मॅगझिन बदलतो, कारण त्याच्याकडे मॅगझिनवाली ऑटोमॅटिक रायफल होती. १९४५ च्या शिपायाकडे ती नव्हती. तुमचे पहिले दोन नमुने नेमके यातलेच आहेत.

रायफल ली-एनफिल्ड, .३०३ बोअरची, बोल्ट ॲक्शन. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उचलायचा, मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, खाली दाबायचा. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. मॅगझिन सुटं होतं, पण लढताना ते काढत नसत. पाच-पाच गोळ्यांच्या दोन पट्ट्या वरून अंगठ्याने दाबून भरायच्या. शिकलेला शिपाई नेम धरून मिनिटाला पंधरा गोळ्या झाडतो. म्हणजे "सलग तीस"ला दोन मिनिटं आणि मध्ये दोनदा पट्ट्या भरणं आलं. थंडीने बोटं बधिर असतील तर पट्टी तिरकी बसते आणि गोळी अडकते. कापडी बँडोलियरमध्ये पन्नास गोळ्या, पाच कप्पे, एका कप्प्यात दोन पट्ट्या. हे आकडे लेखकाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवायला द्या.

सेक्शनचा, म्हणजे दहाएक जणांच्या तुकडीचा, खरा मारा ब्रेन गनचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा. वजन दहा किलोच्या आसपास, वेग मिनिटाला सुमारे ५०० गोळ्या, वक्र मॅगझिन वर लावलेलं. त्यात ३० मावतात, पण भरायचे २८ च. .३०३ च्या काडतुसाला मागे कडा असते. वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे गेली की एकात एक अडकतात. स्प्रिंगवरचा ताण कमी ठेवायलाही दोन कमीच भरत. ही मॅगझिनं गनरकडेच नसत, प्रत्येक रायफलवाल्याच्या पाउचमध्ये असत. त्यामुळे रायफलवाला पडला की त्याच्या पाउचमधली मॅगझिनं काढून आणणं हे काम कोणाला तरी करावं लागतं, तेही उघड्यावर. एवढा मोठा प्रसंग लेखकाने सोडून दिलाय, तो लिहायला सांगा. जोरात मारा करताना, मिनिटाला चार मॅगझिनच्या वेगाने, दहा मॅगझिननंतर नळी बदलायची. दुसऱ्या क्रमांकाचा जवान हँडल धरून गरम नळी उतरवतो, सुटी नळी बसवतो. तेवढी काही सेकंदं सेक्शन गप्प, आणि समोरच्याला तो खंड ऐकू येतो.

समोर जर्मनांची मशीनगन, एमजी ४२. मिनिटाला सुमारे १२००, म्हणजे सेकंदाला वीस. गोळ्या सुट्या ऐकू येत नाहीत, कापड टरकावल्यासारखा एकच आवाज येतो. "टक-टक-टक" लिहिलं असेल तर ते ब्रेनला द्या, जर्मन गनला नाही.

टॉमी गनचा, म्हणजे थॉम्सन सबमशीनगनचा, हिशेब सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त चुकवलेला. वेग मिनिटाला सुमारे ७००. वीस गोळ्यांचं मॅगझिन ट्रिगर दाबून धरलं तर दोन सेकंदांच्या आत रिकामं, तीसचं तीन सेकंदांच्या आत. या रेजिमेंटच्याच इतिहासात याचा पुरावा आहे. नाईक यशवंत घाडगे यांना मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसचा मजकूर बघा. १० जुलै १९४४, वरच्या टायबर नदीचं खोरं. सेक्शनमधले बाकीचे सगळे मेलेले किंवा जखमी. घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर धावतात, हातबॉम्बने गन आणि गनर गारद करतात, आणखी एकाला टॉमी गनने मारतात. मग मॅगझिन बदलायला वेळ नाही, म्हणून गन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने मारतात. त्यानंतर स्नायपरच्या गोळ्या लागून त्याच ठाण्यात मरण. शौर्यपदकाच्या मजकुरातसुद्धा मॅगझिन संपल्याची नोंद आहे, आणि तुमच्या चौदा पानांत नाही.

हातबॉम्ब ३६ नंबरचा, पाऊण किलोहून थोडा जड. पेट्या बारा-बाराच्या, पण डेटोनेटर त्याच पेटीत वेगळ्या डब्यात. बूड उघडायची किल्लीही पेटीत. हल्ल्यापूर्वी कोणीतरी बसून प्रत्येकाचं बूड उघडून डेटोनेटर घालतो. हे न करता "पेटी उघडली आणि फेकले" लिहिलं तर फुटणार काहीच नाही. पिन दातांनी निघत नाही, टोकं दुमडलेली असतात. हातातून सुटल्यावर चार सेकंद. फेक पंचवीस-तीस यार्ड, आणि तुकडे त्याच्याही पलीकडे येतात, म्हणून फेकणारा लगेच आडवा व्हायला हवा. आगीचे लोळ नाहीत. धूळ, काळपट धूर आणि आपटल्यासारखा आवाज, बस.

सुरुंगाचं : खट् आवाज येणं आणि पाय उचलल्यावरच फुटणं ही सिनेमाची देणगी. त्या काळचे पायदळविरोधी सुरुंग दाबाने फुटतात, पाय पडला की झालं. जर्मनांचा शू-माइन म्हणजे लाकडी पेटी, आत २०० ग्रॅम स्फोटक. लोखंड नावापुरतं, त्यामुळे डिटेक्टरला जवळजवळ लागत नाही. संगीन तिरकी धरून माती टोचत शोधायचा आणि मोकळ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना पांढरी फीत टाकायची. माणूस बहुधा मरत नाही, पाऊल जातं. दुसरा, उडी मारणारा एस-माइन. दाब पडल्यावर सुमारे चार सेकंदांनी कंबरेच्या उंचीवर उडतो, मग फुटतो. अर्धं पान हवंच असेल तर ते या चार सेकंदांचं लिहू दे.

---

बिनतारी

पहिल्या नमुन्यात तीन चुका आहेत, तीनशेतीननी त्या सोडून दिल्यात.

नायब सुभेदार हा हुद्दा १९४५ मध्ये नव्हता, तेव्हा "जमादार". नाव बदललं ते स्वातंत्र्यानंतर, १९६० च्या दशकात. तसंच "जेसीओ" (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) नाही, "व्हीसीओ" (व्हाइसरॉयज कमिशन्ड ऑफिसर). हिंदी, म्हणजे भारतीय, पलटणीत प्लाटूनचा (काही सेक्शन मिळून झालेल्या तुकडीचा) ताबा साधारण जमादाराकडे किंवा सुभेदाराकडे, कंपनीचा ताबा ब्रिटिश किंवा हिंदी कमिशन असलेल्या अधिकाऱ्याकडे.

ब्राव्हो नाही, बेकर. आज वापरतात ती अल्फा-ब्राव्हो-चार्ली वर्णमाला १९५६ पासूनची. १९४५ मध्ये एबल, बेकर, चार्ली, डॉग. "रॉजर" चालेल, कारण आर अक्षराचं नाव तेव्हा रॉजर होतं. "ओव्हर अँड आउट" कुठल्याच काळात चालत नाही. ओव्हर म्हणजे आता तू बोल, आउट म्हणजे माझं संपलं, उत्तर नको.

सेक्शनला वायरलेस नव्हताच. प्लाटून आणि कंपनीत ३८ नंबरचा सेट, सुमारे दहा किलो, गळ्याला लावायचा माइक, पल्ला जेमतेम मैलभर आणि मध्ये टेकडी किंवा बांध आला की तोही नाही. कंपनी ते बटालियन पाठीवरचा १८ नंबर. पाण्यात उतरल्यावर यातला किती चालेल? म्हणून तर रनर. निरोप तोंडी किंवा चिठ्ठीवर, पायी. तुमच्या कादंबरीत रनर आहे का? नसेल तर कंपनी कमांडरला जे जे कळतं त्या प्रत्येक ठिकाणी "हे त्याला कोणी सांगितलं?" असं समासात लिहा. बहुतेक ठिकाणी उत्तर सापडणार नाही, आणि तिथे गोंधळ लिहिणं हेच खरं ठरेल.

अंतरं यार्डात, बांधाची उंची फुटांत. तोफखान्याचे कोन मिलमध्ये असतील तर काढून टाका, ब्रिटिश तोफखाना त्या युद्धात अंश आणि मिनिटं वापरत होता. "रिपीट" हा शब्द वायरलेसवर तोफखान्याशी बोलताना सहज वापरू देऊ नका. त्याचा अर्थ "पुन्हा मारा करा". न ऐकू आलेला निरोप परत हवा असेल तर "से अगेन".

आणखी एक, हे शोधून बघाच. शिपाई एकमेकांना किंवा साहेबाला "जय हिंद" म्हणतात का? ते आझाद हिंद सेनेचं अभिवादन होतं. १९४५ मध्ये इटलीत ब्रिटिश हिंदी सैन्यातला शिपाई साहेबाला सलाम ठोकताना ते म्हणेल तर त्या ओळीचा अर्थच बदलतो. लेखकाला तो अर्थ हवा असेल तर ठेवा, सवयीने आलं असेल तर "राम राम" करा.

हुकमाच्या प्रसंगाबद्दल. ही जागा सोन्याची आहे आणि माजी सैनिक ती वाया घालवतात, कारण त्यांना आदेश ऐकायची इतकी सवय असते की ते "ऑर्डर्स झाल्या" एवढं लिहून पुढे जातात. तेव्हाच्या आदेशाचे पाच भाग : माहिती, उद्देश, पद्धत, व्यवस्था, संपर्क. याच क्रमाने जमादाराला बोलू दिलं, वाळूत काठीने बांध काढू दिला, तर वाचकाला नकाशा, शत्रूची ठाणी, कोण कुठून जाणार, जखमी कुठे न्यायचे, गोळ्या कुठून येणार, यश मिळालं तर कुठल्या रंगाची रॉकेट, हे सगळं दीड पानात मिळतं. नंतर त्यातली एकेक गोष्ट मोडताना वाचकाला समजतं की काय मोडलं. आदेश माहीत नसेल तर गोंधळ हा फक्त आवाज राहतो.

---

वाचणारा_वेताळ

वरचं सगळं मान्य, पण अशाने कादंबरीची शस्त्रसूची होईल ही भीती आहे. २८ गोळ्यांचं कारण तीनशेतीननी इथे सांगितलं ते ठीक. पात्राने ते दुसऱ्या पात्राला सांगायला लागलं की संपलं. दोन शिपाई एकमेकांना माहीत असलेली गोष्ट समजावून सांगत नाहीत. नवा भरती आलेला पोरगा तीस भरतोय आणि शेजारचा नाईक त्याच्या हातातून मॅगझिन घेऊन वरच्या दोन गोळ्या मुकाट्याने काढतो, एवढं पुरे.

लष्करी शब्दांची माझी कसोटी अशी : शब्द न कळता प्रसंग कळतो का? "स्टँड-टू झाला, सगळे मोर्च्यात उभे राहिले, उजेड फुटेपर्यंत कोणी बोललं नाही" यात स्टँड-टू समजावायची गरज नाही. "एफयूपीवरून एसएल ओलांडताना" यात वाचक अडतो, तिथे "हल्ल्याआधी जमायच्या जागेवरून पुढे सरकताना" लिहा. पहिल्या पन्नास पानांत दहा-बारा शब्द घट्ट बसवा आणि तेवढ्यावरच कादंबरी चालवा. मागे शब्दार्थ लावू नका, वाचक तिथे जाऊन येईपर्यंत हल्ला संपतो.

आणि माजी सैनिक लेखकाचा सगळ्यात मोठा दोष शस्त्रांत नसतो, नजरेच्या टप्प्यात असतो. लिहिताना त्याला पूर्ण लढाई माहीत असते, नकाशासकट. मग रायफलवाला शिपाई पात्र असूनही "डावीकडे दुसरी कंपनी अडकली होती" असं वाक्य येतं. बांधाच्या पायथ्याशी पालथा पडलेल्या माणसाला समोरची चार फूट माती, शेजाऱ्याचे बूट आणि वर धूर दिसतो. आवाजांवरून तो अंदाज करतो आणि तो निम्म्या वेळा चुकतो. चुकीचे अंदाज तसेच राहू द्या. प्रत्येक पानावर पेन्सिलने दोन रकाने करा : पात्राने पाहिलं, लेखकाला माहीत आहे. दुसऱ्या रकान्यातलं कापा.

आवाजाबद्दल एक उपयोगी गोष्ट. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगवान असते. म्हणून आधी कानाजवळ चाबकासारखा कडाड, मग दूरून नळीचा दबका आवाज. तीनशे मीटरवरून गोळी अर्ध्या सेकंदाच्या आसपास पोचते, आवाजाला पाऊण सेकंदाहून जास्त लागतो. नवखा कडाडकडे वळतो आणि चुकीच्या दिशेला गोळी झाडतो, मुरलेला मागच्या दबक्या आवाजाची वाट बघतो. दोन पात्रांचा अनुभव वेगळा आहे हे एका ओळीत दाखवता येतं, "तो दहा वर्षांचा जुना शिपाई होता" असं लिहावं लागत नाही. बॉम्बवर्षाव झाल्यानंतर मात्र कान शिट्टी घालतात, म्हणजे त्यानंतरच्या पानांत कुजबुजीचे संवाद बाद. ओरडणं, खुणा, खांदा ओढणं.

---

मलमपट्टी

चौथा नमुना. मांडीची मोठी धमनी तुटली आणि रक्त थांबवलं नाही तर माणूस काही मिनिटांत जातो. शुद्ध त्याच्याही आधी जाते. आधी चेहरा पांढरा, घाम, तहान, धाप, बोलणं तुटक आणि असंबद्ध. दोन पानांचा निरोप देता येणार नाही. निरोप हवाच असेल तर जखम बदला. पोटात लागलेला माणूस तासन् तास शुद्धीत राहू शकतो, बोलू शकतो, पाणी मागतो, आणि त्याला पाणी द्यायचं नसतं. कादंबरीसाठी तो जास्त कठीण प्रसंग आहे.

प्रत्येकाच्या खिशात एक फील्ड ड्रेसिंग. जखमीला त्याचंच वापरायचं, आपलं नाही, कारण थोड्या वेळाने आपल्याला लागेल. मॉर्फिया दिलं की कपाळावर एम आणि वेळ लिहायची, नाहीतर मागचा डॉक्टर दुसरा डोस देतो आणि श्वास बंद पडतो. घट्ट आवळपट्टी बांधली तर तिचीही वेळ नोंदवायची. सल्फा पावडर होती. पेनिसिलिन १९४४-४५ मध्ये इटलीतल्या लष्करी रुग्णालयांत होतं, शिपायाच्या खिशात नव्हतं. हेलिकॉप्टर नाही. जखमीचा प्रवास असा : स्ट्रेचरवाले, बटालियनचं मदत ठाणं, मग जीप किंवा रुग्णवाहिका, मग पुढची वैद्यकीय ठाणी. एका स्ट्रेचरला चार माणसं. लढणाऱ्या शिपायांनी जखमीला उचलून मागे न्यायचं नाही असा हुकूम असे, कारण एका जखमीमागे चार रायफली कमी होतात. तो हुकूम पाळायचा की मोडायचा, इथे पात्र उभं राहतं.

मनाच्या जखमेला "पीटीएसडी" म्हणू देऊ नका. ते निदान १९८० पासूनचं. त्या आघाडीवर कागदावर "एक्झॉस्चन", म्हणजे थकवा, असं लिहीत.

---

खर्डेघाशी

फार उपयोग झाला. दोन गोष्टी अजून. लेखकाने नदी मोठी, संथ आणि शत्रू फक्त पलीकडच्या काठावर दाखवलाय. आपले लोक पलीकडे पोचले की इकडची बाजू सुरक्षित. हे कितपत बरोबर? आणि संवाद कुठल्या भाषेत? सध्या सगळे शुद्ध मराठीत बोलतात, साहेबसुद्धा.

---

तीनशेतीन

नदी उलटी आहे. शिपाई नामदेव जाधव यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मजकुरात त्या जागेची मापंच दिलेली आहेत. ९ एप्रिल १९४५ ची संध्याकाळ, सान पोलितोच्या उत्तरेला. नदी फक्त पंधरा फूट रुंद, चार ते पाच फूट खोल. पण दोन्ही बाजूंना ३० ते ३५ फूट उंच, जवळजवळ उभे पूररोधक बांध. अडथळा पाण्याचा नाहीच, बांधांचा आहे. छातीपर्यंतच्या पाण्यातून जायला काही क्षण पुरतात, चिखलाचा उभा चढ चढायला पुरत नाहीत.

आणि शत्रू दोन्ही बांधांत होता. बांध पोखरून आत खंदक आणि ठाणी केलेली. पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या उतारावर, म्हणजे नदीकडे तोंड करून, सुरुंगांचा पट्टा आणि गनची ठाणी. म्हणून बांधाच्या माथ्यावरून पुढे गेलेल्यांना ती दिसत नाहीत. पाणी ओलांडून पश्चिमेला निघालेल्यांच्या पाठीवर ती उघडतात. तेच झालं. जाधव कंपनीचे रनर होते, कंपनी कमांडरबरोबर. पूर्वेच्या बांधातल्या निदान तीन ठाण्यांवरून मारा आला, कमांडर आणि दोन जण जखमी, त्या गटातले बाकीचे जाधवांखेरीज सगळे ठार. त्यांनी त्या दोन जखमी जवानांना एकेक करून पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून परत आणलं आणि मग ती ठाणी एकट्याने संपवली. हाताला लागून टॉमी गन चालवता येईना तेव्हा हातबॉम्ब वापरले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना देत बाकीच्यांना पुढे बोलावलं.

वेळही बघा. एका कंपनीने पूर्वेचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन पश्चिमेचा. तीन मिनिटं. पहिली अडकली तर दुसरी तिच्यावर येऊन आदळते. तुमच्या लेखकाने हल्ल्याला "तासभर" दिला असेल तर ते प्रकरण मिनिटाच्या मापाने पुन्हा लिहावं लागेल. एक मिनिट म्हणजे साधारण दीड-दोन पानं, या हिशेबाने चौदा पानांत सात ते नऊ मिनिटंच बसतात, आणि ती पुरेशी आहेत.

हल्ल्याआधीची दुपार विसरू नका. विमानांचे बॉम्ब, तोफखान्याचा मारा, मध्ये मुद्दाम खंड, पुन्हा मारा. खंड पडला की शत्रू बाहेर येऊन गनवर बसतो आणि पुन्हा सापडतो. काठावर ज्वाला फेकणाऱ्या वास्प गाड्याही होत्या. वाट बघणाऱ्या शिपायाला कुठला खंड खरा ते घड्याळाशिवाय कळत नाही, आणि घड्याळ सगळ्यांकडे नव्हतं.

एक सुचवणी मात्र ठामपणे. काल्पनिक पात्राला जाधवांचं काम करायला लावू नका. शेजारची कंपनी घ्या, तोच बांध, तीच तीन मिनिटं. खऱ्या माणसाचं शौर्य उचलून दुसऱ्या नावाने छापलं तर या रेजिमेंटचे वाचक पुस्तक तिथेच मिटतील.

---

बिनतारी

भाषेचं. सैन्याची सामाईक भाषा हिंदुस्थानी, रोमन लिपीत लिहिलेली. कवायतीचे हुकूम वेगळे, पण आघाडीवर साहेब आणि शिपाई यांच्यात हीच. ब्रिटिश अधिकाऱ्याला उर्दूची परीक्षा द्यावी लागे आणि तो ती मोडकीतोडकी बोले. जमादार साहेबाशी हिंदुस्थानीत, शिपायांशी मराठीत. म्हणजे जमादार हा दुभाषाही आहे. साहेबाचा हुकूम मराठीत सांगताना तो काय गाळतो, काय मऊ करतो, हे लेखकाला आपोआप मिळणारं साहित्य आहे.

शिपायांची मराठी एकसारखी नको. कोकणातला, देशावरचा, मावळातला असे तिघे एका खंदकात असतील तर तिघांची बोली वेगळी. पण सगळं उच्चारानुसार लिहायला गेलात तर वाचताना दमछाक होते. एकेका पात्राला दोन-तीन शब्द आणि क्रियापदाचं एक रूप ठरवून द्या, तेवढ्याने माणूस ओळखू येतो.

---

वाचणारा_वेताळ

लेखकाला हे सांगायचं कसं, तो प्रश्न राहिला. चुकांची यादी पाठवू नका, "असंच असतं" हेच उत्तर येईल. त्याला एक तक्ता करायला सांगा. हल्ल्याच्या प्रकरणातलं प्रत्येक नावाचं पात्र एका ओळीत, रकाने असे : शस्त्र, गोळ्या, हातबॉम्ब, ड्रेसिंग, पाणी, शेवटची झोप, कोणाला पाहू शकतो, कोणाला ऐकू शकतो. सुरुवातीचे आकडे भरायचे आणि दर पानाअखेर बदलायचे. हे काम त्याने नोकरीत शेकडो वेळा केलंय, दारूगोळ्याचा आणि माणसांचा हिशेब देणं त्याला संपादकापेक्षा चांगलं येतं. सहाव्या पानावर ब्रेनची मॅगझिनं संपलेली त्यालाच दिसतील आणि सातवं पान तो स्वतःहून फाडेल.

---

मलमपट्टी

तक्त्यात एक रकाना वाढवा : कोण ओला आहे. पाच फूट पाण्यातून आल्यावर सगळेच ओले, एप्रिलची रात्र, ब्लँकेटं नदीच्या मागे राहिलेली. पहाटेपर्यंत थरथर थांबत नाही आणि तेव्हा पट्टी बांधायला बोटं वळत नाहीत.